लॅटिन शब्दाचा अर्थ कसा लावावा : व्हर्जिलच्या एका क्रियापदापासून

रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ या महाकाव्याच्या बाराव्या, म्हणजे अखेरच्या सर्गात, शेवटून तिसऱ्या ओळीत, काव्याचा नायक एनिअस आपला शत्रू तुर्नुस याच्या छातीत तलवार खुपसतो. तुर्नुस जखमी आहे, हात पसरून दया मागतो आहे, आणि एनिअस क्षणभर थबकलेलाही आहे. ‘खुपसतो’साठी व्हर्जिलने घेतलेला शब्द आहे ‘कोन्दित’. कोश उघडला की या क्रियापदाचे अर्थ दिसतात ते असे : एकत्र ठेवणे, साठवणे, लपवणे, पुरणे, स्थापन करणे, काव्य रचणे. यातला कोणता अर्थ इथे घ्यायचा? आणि ठार मारण्यासाठी लॅटिनमध्ये डझनभर शब्द असताना कवीने धान्य साठवण्याचा शब्द का उचलला?

लॅटिन वाचायला लागलेला माणूस नेमका अशा ठिकाणी अडतो. व्याकरण येत असते, कोश उघडा असतो, तरी ओळ लागत नाही. बहुतेक जण कोशातला पहिला अर्थ उचलून पुढे जातात आणि अभिजात साहित्यातली निम्मी गंमत तिथेच हरवते. म्हणून हा एकच शब्द हाती धरून अर्थ लावण्याची रीत क्रमाने सांगतो. लॅटिनची प्राथमिक ओळख आणि शाळेत शिकलेले थोडेफार संस्कृत एवढे भांडवल पुरेसे आहे.

उच्चाराबद्दल आधीच सांगून ठेवतो. इथे लॅटिन शब्द प्राचीन रोमन उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, माणसांची नावे मात्र मराठीत रुळली आहेत तशीच. गोव्यात किंवा वसईत चर्चमधली लॅटिन प्रार्थना ज्यांच्या कानावर आहे त्यांना काही शब्द वेगळे वाटतील. चर्चच्या परंपरेत आकाशाला ‘चेलुम’ म्हणतात, रोमन वक्ता सिसेरो याच्या काळी तेच ‘काइलुम’ होते. शब्दाच्या अर्थामध्ये याने फरक पडत नाही, पण काव्य मोठ्याने वाचायचे असेल तर जुना उच्चार धरावा, कारण वृत्त त्यावर उभे आहे.

आधी रूप ओळखा, अर्थ नंतर

अर्थाकडे धावण्याआधी शब्दाचे शेपूट पाहा. लॅटिन ही प्रत्ययांची भाषा आहे आणि मराठी वाचकाला हे नवे नाही. संस्कृतच्या आठ विभक्त्यांच्या जागी लॅटिनमध्ये सहा उरल्या. त्यातली ‘अब्लातिवुस’ ही तृतीया आणि पंचमी यांचे काम तर करतेच, शिवाय सप्तमीचेही बरेचसे ओझे वाहते. म्हणून या विभक्तीतला शब्द दिसला की थांबून विचारावे : ‘ने’, ‘हून’ की ‘त’? इंग्रजी माध्यमातून लॅटिन शिकणाऱ्यांना हा प्रश्न कळायलाच महिने लागतात, आपल्याला तो पहिल्या दिवशी कळू शकतो.

‘एनीड’ची पहिली ओळ घ्या : ‘अर्म विरुमक्वे कनो’. ‘अर्म’ म्हणजे शस्त्रे, आणि शस्त्रांवरून युद्ध. ‘विरुम’ म्हणजे पुरुषाला, द्वितीया एकवचन. ‘कनो’ म्हणजे मी गातो. कर्म आधी, क्रियापद शेवटी, अगदी मराठी वाक्यासारखे. मधला ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’, आणि तो ज्याला जोडायचे त्या शब्दाच्या मागे चिकटतो. संस्कृतचा ‘च’ हा याचाच सख्खा भाऊ आणि तोही मागेच येतो. ‘शस्त्रे आणि तो पुरुष मी गातो’ ही ओळ मराठीत जवळपास शब्दाच्या क्रमाने उतरते.

आता ‘कोन्दित’. हे वर्तमानकाळ, तृतीयपुरुष, एकवचन. पण हेच रूप दोन वेगळ्या क्रियापदांचे असू शकते. एक ‘कोन्देरे’ म्हणजे ठेवणे, स्थापणे. दुसरे ‘कोन्दीरे’ म्हणजे मुरवणे, लोणचे घालणे, मसाला लावणे. वर्तमानकाळात तृतीयपुरुषी दोघांचेही रूप ‘कोन्दित’ असेच होते. संगणकावरची रूप ओळखणारी साधने दोन्ही उत्तरे समोर ठेवतात आणि निवड तुमच्यावर सोडतात. इथे संदर्भ स्पष्ट आहे, पण नेहमी तो इतका स्पष्ट नसतो. म्हणून एका रूपाचे किती धनी असू शकतात हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

ऱ्हस्व-दीर्घाकडेही लक्ष हवे. ‘मलुम’ म्हणजे वाईट गोष्ट, ‘मालुम’ म्हणजे सफरचंद. ‘पोपुलुस’मधला ‘ओ’ आखूड असेल तर लोकसमूह, लांब असेल तर एक झाड. देवनागरीत ‘अ’ आणि ‘आ’ वेगळे लिहिता येतात, पण आखूड-लांब ‘ए’ आणि ‘ओ’साठी आपल्याकडे वेगळी अक्षरे नाहीत. म्हणून कोशात स्वरावर आडवी रेघ आहे का हे बघावेच लागते. वहीत शब्द उतरवताना ती रेघही उतरवा.

कोशातली नोंद पूर्ण वाचा

संस्कृतचा कोश धातू देतो. लॅटिनचा कोश क्रियापदाची चार रूपे देतो : ‘कोन्दो, कोन्देरे, कोन्दिदी, कोन्दितुम’. म्हणजे मी ठेवतो, ठेवणे, मी ठेवले, आणि चौथे ‘तुम’वर संपणारे रूप. हे चौथे रूप आणि संस्कृतचे ‘दातुम्’, ‘गन्तुम्’ यांसारखे तुमन्त यांचे मूळ एकच आहे. चारही पाठ करायची ती एवढ्यासाठी की मजकुरात शब्द यापैकी कोणत्याही रूपाने येऊ शकतो. ‘फेरो, फेर्रे, तुली, लातुम’ हे टोकाचे उदाहरण. अर्थ ‘वाहून नेणे’, पण भूतकाळाचे रूप भलत्याच धातूवरून आलेले. ‘फेरो’ हा ‘भृ’चा नातलग, ‘तुली’ हा ‘तुला’ शब्दातल्या ‘तुल्’चा.

नामांच्या बाबतीत कोश प्रथमेबरोबर षष्ठी देतो : ‘रेक्स, रेगिस’ (राजा), ‘कोर्पुस, कोर्पोरिस’ (शरीर). खरे अंग, म्हणजे ज्याला प्रत्यय लागतात ते रूप, षष्ठीत दिसते. प्रथमा पाठ करून षष्ठी सोडून दिली तर पुढच्या पानावर ‘कोर्पोरे’ दिसेल आणि ओळखूच येणार नाही.

कोणता कोश वापरावा? लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश जुना असला तरी मोफत आहे. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सिअस’ या संकेतस्थळावर तो मूळ मजकुराशी जोडलेला मिळतो. शिकागो विद्यापीठाचे ‘लोजिऑन’ एकाच वेळी अनेक कोशांतली नोंद समोर ठेवते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापर्यंतच्या साहित्यासाठी ‘ऑक्सफर्ड लॅटिन डिक्शनरी’ अधिक भरवशाची, आणि ग्रंथालयात मिळाली तर तीच घ्या. म्युनिकमध्ये १८९४ साली सुरू झालेला ‘थेसॉरुस’ हा महाकोश अजूनही पूर्ण व्हायचा आहे. नवशिक्याला त्याची गरज नाही, पण एखाद्या शब्दाच्या मुळाशी जायचे असेल तर अखेर तिथेच जावे लागते.

अर्थांची यादी वाचू नका, तिचे झाड पाहा

कोशात एका शब्दाखाली दहा अर्थ असतात, पण ते सुटे नसतात. ते कुठून फुटले हे शोधा. ‘कोन्दो’ची फोड ‘कोन’ म्हणजे एकत्र आणि ‘दो’ म्हणजे ठेवणे अशी होते. हा ‘दो’ म्हणजे आपला ‘धा’ धातू, ज्यावरून ‘संधान’ आणि ‘विधान’ आले. एकत्र आणून ठेवणे हा बुंधा. त्याला दोन फांद्या फुटल्या. एकत्र आणून उभे करणे, म्हणजे नगर वसवणे, राज्य स्थापणे, काव्य रचणे ही एक. एकत्र करून आत ठेवणे, म्हणजे धान्य कोठारात भरणे, दारू साठवणे, लपवणे, मृताला पुरणे, तलवार म्यान करणे ही दुसरी. एवढे समजले की दहा अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

कर्म कोणते आहे?

क्रियापदाचा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या कर्मावरून ठरतो. ‘उर्बेम’ म्हणजे नगर हे कर्म असेल तर स्थापणे. रोमच्या स्थापनेपासूनचा इतिहास लिहिणाऱ्या लिव्हीचा ग्रंथ ‘अब उर्बे कोन्दिता’ याच नावाने ओळखला जातो. ‘कार्मेन’ म्हणजे गीत असेल तर रचणे. ‘एनीड’च्या तिसऱ्या सर्गात आत्म्याला ‘सेपुल्क्रो कोन्दिमुस’, म्हणजे थडग्यात ठेवतो, असे येते. आणि व्हर्जिलच्याच नवव्या गोपगीतात एक म्हातारा गुराखी म्हणतो की लहानपणी आपण लांबच लांब सूर्य गाण्याने ‘कोन्देरे’ करत असू. म्हणजे गाता गाता सूर्य मावळतीला पोचवत असू. सूर्याला आत ठेवून येणे ही कल्पना मला फार सुंदर वाटते, आणि ती शब्दाच्या बुंध्यातूनच आलेली आहे.

शब्दांच्या जोड्याही अशाच तपासाव्यात. ‘रेस’ म्हणजे गोष्ट, वस्तू, प्रकरण. पण ‘रेस पुब्लिका’ म्हणजे राज्य, ‘रेस गेस्ताए’ म्हणजे केलेली कामगिरी, आणि ‘रेस नोवाए’, शब्दशः ‘नव्या गोष्टी’, म्हणजे राज्य उलथवणे, बंड. ‘अमुक माणूस नव्या गोष्टींचा इच्छुक होता’ असे कुठल्या रोमन इतिहासकारात वाचलेत तर तो संशोधक नव्हता, बंडखोर होता. दुरून पाहणाऱ्याला निरुपद्रवी वाटणारी ही जोडी रोमन कानांना धोक्याची घंटा होती.

त्याच लेखकाकडे परत जा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त गाळली जाते. कोश हजार वर्षांच्या वापराची सरासरी काढतो, तुमच्यापुढे मात्र एक कवी आणि एक काव्य आहे. पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूटचा लॅटिन ग्रंथसंग्रह विनामूल्य शोधता येतो. शोधताना तीन अंगे वेगवेगळी टाका : ‘कोन्द’, ‘कोन्दिद’ आणि ‘कोन्दित’. एकच रूप टाकले तर निम्मी उदाहरणे निसटतील. ‘कोन्दीरे’ची रूपे मध्ये घुसतील, ती हाताने वगळा.

हे केले की ‘एनीड’मध्ये काय दिसते? पहिल्याच सर्गाच्या पाचव्या ओळीत कवी सांगतो की एनिअसने युद्धात खूप सोसले, ‘दुम कोन्देरेत उर्बेम’, म्हणजे नगर स्थापेपर्यंत. तेहतिसाव्या ओळीत पुन्हा : रोमन वंशाची स्थापना, ‘कोन्देरे’, इतके अवजड काम होते. काव्याच्या दारावरच हे क्रियापद दोनदा कोरलेले आहे आणि ते नगरउभारणीचे आहे. मग बारा सर्गांनंतर, काव्य संपायला तीन ओळी असताना, तेच क्रियापद येते आणि त्याचे कर्म नगर नसते, तलवार असते. तीही म्यानात जात नाही, शरण आलेल्या माणसाच्या छातीत जाते.

लगेच पुढच्या ओळीत तुर्नुसचे अवयव ‘थंडीने गळून पडतात’ : ‘सोल्वुन्तुर फ्रीगोरे मेम्ब्र’. हेच शब्द पहिल्या सर्गात, ९२ व्या ओळीत, वादळात सापडलेल्या एनिअसबद्दल आले आहेत. सुरुवातीला भीतीने गारठलेला एनिअस, शेवटी मरणाने गारठलेला त्याचा शत्रू. नगर स्थापणे आणि माणूस गाडणे या दोन गोष्टी व्हर्जिलने एकाच शब्दाने बांधून ठेवल्या आहेत. हे कोशातून कधीच कळले नसते. रोमच्या स्थापनेची किंमत काय, या प्रश्नावर जाणकारांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला आहे आणि त्या वादाचा एक खुंटा हे क्रियापद आहे. माझे मत असे की हा योगायोग नाही. शब्दांची इतकी निवड करणारा कवी काव्याच्या पहिल्या परिच्छेदातला शब्द शेवटच्या तीन ओळींत नकळत ठेवणार नाही.

शतक पाहा

नाटककार प्लाउतुस, सिसेरो आणि इतिहासकार टॅसिटस यांच्यात मिळून तीनशे वर्षांचे अंतर आहे. शब्द तेवढ्यात बदलतात. ‘होस्तिस’ म्हणजे शत्रू, असे कोणताही कोश सांगेल. पण खुद्द सिसेरो ‘दे ओफ्फिकीईस’ (कर्तव्यांविषयी) या ग्रंथात नोंदवतो की पूर्वजांच्या काळी ‘होस्तिस’ म्हणजे परका माणूस, परदेशी. पुराव्यादाखल तो रोमच्या जुन्या, बारा फलकांवरच्या द्वादशपट्टांच्या कायद्याकडे बोट दाखवतो, जो इ.स.पू. पाचव्या शतकातला आहे. तेव्हा जुन्या कायद्याच्या मजकुरात ‘शत्रू’ लिहिले तर भाषांतर चुकले.

एकाच शतकातही लेखकागणिक रंग पालटतो. ‘ओतिउम’ घ्या. सिसेरोच्या भाषणांत ‘प्रतिष्ठेसह ओतिउम’ म्हणजे राज्यातली शांतता, सुव्यवस्था. कवी कॅटुलस मात्र स्वतःला बजावतो की ‘ओतिउम’ तुला बाधते आहे, त्याने आजवर राजे आणि भरभराटीची नगरे बुडवली. तिथे रिकामपण हाच अर्थ. कवी होरेसच्या एका ओडमध्ये (भावगीतात) भर समुद्रात वादळात अडकलेला माणूस देवांकडे ‘ओतिउम’ मागतो, तो निवांतपणा, सुटका. तिघे एकमेकांपासून फार दूर नाहीत, तरी तीन ठिकाणी मराठीत तीन शब्द लागतात.

दोन बाजूंची ओढ

आपल्याला दोन भाषा चुकीकडे ओढतात. पहिली इंग्रजी. लॅटिनवरून आलेले हजारो इंग्रजी शब्द आपल्याला आधीच येतात आणि आपण तेच अर्थ मागे ढकलतो. सिसेरोच्या ‘क्रीमेन’चा अर्थ बहुधा आरोप असतो, गुन्हा नव्हे. व्हर्जिलमधला ‘क्लास्सिस’ हा वर्ग नाही, आरमार आहे. ‘ओफ्फिकिउम’ कचेरी नाही, कर्तव्य आहे. ‘फमिलिआ’ या शब्दात घरचे गुलामही येतात, बऱ्याचदा तेच मुख्य असतात.

दुसरी ओढ संस्कृतची, आणि ती जास्त गोड असल्याने जास्त फसवी. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याबद्दल जाहीरपणे सांगितले, तेव्हापासून हे नाते आपल्याला ठाऊक आहे. ‘इग्निस’ अग्नी, ‘नोमेन’ नाम, ‘देन्स’ दन्त. आपले सासर तर जवळजवळ सगळेच रोममध्ये भेटते : ‘सोकेर’ म्हणजे श्वशुर, सासरा, ‘सोक्रुस’ म्हणजे श्वश्रू, सासू, आणि ‘लेविर’ म्हणजे देवर, आपला दीर. शब्द लक्षात ठेवायला याचा फार उपयोग होतो. पण अर्थ ठरवायला नाही. ‘विर’ आणि ‘वीर’ भाऊ असले तरी ‘विर’ म्हणजे पुरुष, नवरा. तो शूर असेलच असे नाही. त्यावरून आलेला ‘विर्तूस’ सीझरकडे रणांगणावरचे धैर्य असतो, तर सिसेरोच्या तत्त्वचिंतनात सद्गुण.

जुने टीकाकार : ऐका, पण तपासून

इ.स. ४०० च्या सुमाराला सर्व्हियसने व्हर्जिलवर ओळीगणिक टीका लिहिली. रोमन शाळेत हे काव्य कसे शिकवत, कोणता शब्द तेव्हाच जुना वाटत होता, कोणता विधी कोणत्या शब्दात दडला आहे, हे त्याच्याइतके कोणी सांगत नाही. पण व्युत्पत्ती आली की प्राचीनांवर विसंबू नका. ‘लूकुस’ म्हणजे देवराई, आणि तिथे उजेड येत नाही म्हणून तिला उजेडाच्या धातूवरून नाव पडले, असे रोमन पंडित गंभीरपणे मांडत. वक्तृत्वाचा रोमन शिक्षक क्विन्टिलियन याने त्यावर तेव्हाच प्रश्नचिन्ह लावले होते. धातू उजेडाचाच आहे, पण ‘लूकुस’ मुळात रानातली मोकळी जागा होती. संस्कृत ‘लोक’ हा त्याचाच भाऊबंद. यास्काचे निरुक्त वाचलेल्यांना ही अर्थावरून शब्द फोडण्याची पद्धत ओळखीची वाटेल.

शेवटी मराठी शब्द

सगळे झाल्यावर मराठीकडे या, आणि थेट या, इंग्रजीच्या वाटेने नको. होरेसचे ‘कर्पे दिएम’ हे याचे उत्तम उदाहरण. इंग्रजी वाटेने ते ‘दिवस काबीज कर’, ‘क्षण पकड’ असे होऊन येते. पण ‘कर्पेरे’ म्हणजे बोटांनी तोडणे : फूल, फळ, पाने. त्याच कवितेत गाळलेली दारू आहे आणि लांबलेली आशा छाटून टाकण्याचे क्रियापद आहे, वेलीची फांदी छाटतात तसे. कविता द्राक्षमळ्याच्या भाषेत बोलते आहे. मग आपल्याकडे ‘खुडणे’ हे क्रियापद असताना झडप कशाला घालायची? ‘आजचा दिवस खुडून घे.’ यात घाई नाही, पिकल्याची जाण आहे.

‘लाक्रिमाए रेरुम’ या जोडीचे दुखणे वेगळे. कार्थेजच्या मंदिरात ट्रॉयच्या युद्धाची चित्रे पाहून एनिअस हे बोलतो. ‘रेरुम’ ही षष्ठी : गोष्टींचे अश्रू. गोष्टींसाठी गाळलेले, की गोष्टींच्या ठायीच असलेले? संस्कृत व्याकरणातली कर्तरि आणि कर्मणि षष्ठी इथे कामी येते. मराठीचा ‘चे’ दोन्ही अर्थ उघडे ठेवतो. म्हणून मी ‘गोष्टींचे अश्रू’ एवढेच ठेवीन आणि खुलासा टिपेत देईन.

सर्वांत अवघड ‘पिएतास’. भक्ती, कर्तव्य, निष्ठा, धर्म, प्रत्येक शब्द थोडा बसतो आणि थोडा सांडतो. अशा वेळी व्याख्या शोधण्यापेक्षा प्रसंग पाहावा. जळत्या ट्रॉयमधून निघताना एनिअसच्या खांद्यावर म्हातारा बाप आहे, हाताशी मुलगा, बापाच्या हातात कुलदैवते. मराठी वाचकाला श्रावणबाळ आठवेल, पण कावडीत आईबाप होते, इथे देव, वंश आणि अजून न वसलेले नगरही त्याच खांद्यावर आहे. बायको मागे चालते आणि हरवते. चौथ्या सर्गात त्याच्यावर प्रेम करणारी कार्थेजची राणी दिदो त्याला शाप देऊन निघून जाते, तो तिचे सांत्वन करू पाहतो आणि तरीही जहाजांकडे वळतो. नेमक्या त्या ओळीत कवी त्याला ‘पिउस एनिअस’ म्हणतो. जो शब्द इतका जड आहे आणि इतके दुखावतो, त्याला ‘धार्मिक’ म्हणून चालणार नाही. मी ‘धर्मनिष्ठ’च्या जवळपास राहतो, आणि लेख मोठा असेल तर पहिल्यांदा समजावून पुढे ‘पिएतास’ तसाच ठेवतो.

ही सगळी रीत हाताला लागावी म्हणून सुरुवात कॅटुलसच्या ८५ व्या कवितेने करा. ती फक्त दोन ओळींची आहे : ‘ओदी एत अमो. क्वारे इद फकिअम फोर्तास्से रेक्वीरिस? नेस्किओ, सेद फिएरी सेन्तिओ एत एक्स्क्रुकिओर.’ द्वेष करतो आणि प्रेम करतो. असे का करतोस, विचारशील. ठाऊक नाही, पण तसे होते आहे असे जाणवते आणि मी छळला जातो. आठ क्रियापदे आहेत, नाम एकही नाही, विशेषण एकही नाही. आठांची रूपे वहीत लिहा. ‘फकिअम’ म्हणजे करावे, कर्तरी. ‘फिएरी’ म्हणजे घडणे, त्याच क्रियापदाचे कर्मणी रूप. कवीच्या हातून कर्तेपण कुठल्या शब्दाशी सुटले ते या दोघांत शोधा. मग ‘एक्स्क्रुकिओर’ फोडा, आत ‘क्रुक्स’ सापडेल, म्हणजे गुलामांना खिळायचा क्रूस. त्यानंतर मराठी भाषांतर स्वतः करा, आणि आठही ठिकाणी क्रियापदच येईल असे बघा.